मांजराला मानमोडी होत नाही

मुरुड, कोळीवाडा
१८ नोव्हेंबर १९६३

अंबाजीदादा,

वेणूचा नमस्कार घे, ठमावहिनीलाही सांग. खुशाली मागाहून विचारते. आधी भांडून घेते, न्हायतर विसरायला होतं.

आपली पोती-टोपल्या नेणारा अनंता काल तुझी टोपली घेऊन आला. तुझ्या तळा गावाहून एस.टी.ने दिघी, मग तरीने आगरदांडा, मग इथं, एवढ्या खटाटोपात चार अंडी फुटली. त्याचं काय न्हाय, फुटायचीच. पण जी शाबूत आली ती काय हाय रे? अंडं हाय का चुन्याचा गोळा? पांढरंफटक! फोडलं तर आतला बलकही फिक्का, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा. आणि वास! मी जन्माची कोळीण, मासळीच्या वासाला मी नाक मुरडीन का? पण अंड्याला मासळीचा वास कशाला? मासळी खायची तर मी मासळी खाईन, तळ्याहून अंडी मागवीन कशाला?

ही अंडी कोणासाठी मागितली ते तुला ठाऊक हाय. कोकिळेला पाचवा लागलाय. आधीची दोन गेली, एक तिसऱ्यात गेलं आणि दुसरं असंच पाचव्यात. चंदर तिकडे मुंबईला लाँचीवर. प्रत्येक पत्रात लिहितो, आई, हिला जप. जपते म्हणजे काय करते, तळहातावर घेऊन बसले की काय? दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, पोरीच्या अंगात रक्त न्हाय, रोज दोन अंडी घाला. इथल्या बाजारातलं अंडं किती दिवसांचं, कोणाच्या घरचं, काय ठाऊक. म्हणून तुझ्यापुढे तोंड उघडलं. मी काय फुकट मागितलं न्हाय. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून आमची सुकी मासळी तुमच्याकडे आणि तुमचा तांदूळ आमच्याकडे. तुझ्या आईने माझी ओटी भरून मला लेक म्हटलं, तेव्हापासून मी तुला दादा म्हणते. आता तू सरकारी कोंबड्या पाळल्यास, तर माझ्या मासळी सुकवायच्या खळ्यावरची डोकी, शेपट्या, फुटका जवळा वाळवून कुटून तुला पोती भरून पाठवते. तुझ्या कोंबड्या ती कुटी खातात आणि तू मला अंडी देतोस. सरळ काम.

मग अंडी नीट दे. दोन पोती कुटी अनंताकडे दिली हायत.

तुझी बहीण,
वेणू


तळा, जि. कुलाबा
२७ नोव्हेंबर १९६३

चि. वेणूस अंबाजीचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून ठमा हसली आणि मला ताप आला. वेणू, तू चौथी पास, मी व्हर्नाक्युलर फायनल, तेव्हा जरा शांतपणे ऐकून घे.

या कोंबड्या विलायती आहेत. पांढरी कोंबडी, पांढरे अंडे. त्यात माझा दोष नाही, तिच्या आईबापाचा आहे. आपली गावठी कोंबडी अंगणभर हुंदडते, उकिरडा उकरते, किडे खाते आणि मनात आले तर अंडे घालते, नाहीतर खुडूक बसून राहते. ही विलायती तशी नव्हे. खुराड्यात राहायचे, पुढ्यात येईल ते खायचे आणि रोज अंडे द्यायचे. साठ पाखरे आहेत माझ्याकडे! सरकारी साहेब म्हणाला, भाताच्या कोंड्यात मासळी कालव, पाखराला बळ येते. म्हणून तुझी कुटी.

आता शास्त्र ऐक. कोंबडी जे खाते त्याचेच अंडे होते. अंड्याला वास आला तर तो कोणाचा? तुझ्याच कुटीचा. चोराच्या उलट्या बोंबा! आमच्या घरी आजवर कोणाला अंड्याचा वास आलेला नाही.

शिवाय मला विचारशील तर तक्रार माझीच आहे. तुझी ही दोन पोती सुरू केल्यापासून तीन कोंबड्या मेल्या. मला वाटते तू खळ्यावरची रेती झाडून त्यात भरलीस, नाहीतर कुजका माल घातलास. साहेब येऊन गेला. मान वाकडी होते, पाय लटपटतात हे पाहून म्हणाला, ही मानमोडी, कोंबड्यांची साथ आहे. सगळ्यांना टोचणी केली. अंडी खायला हरकत नाही असेही तोच म्हणाला.

सूनबाईला सांग, तिचा मामेसासरा रोज सकाळी तिच्या नावाची दोन अंडी बाजूला ठेवतो. पंधरवड्याला टोपली येईल.

अंबाजी


मुरुड
९ डिसेंबर १९६३

दादा,

कुजका माल म्हणालास? माझ्या मालाला?

अरे, साऱ्या कोळीवाड्यात विचार. यंदा माझ्या खळ्यावर माशी बसत न्हाय. शेजारच्या सोनूबाईचं खळं बघ, माश्यांनी काळं झालंय, बिचारी फडकं घेऊन दिवसभर हाकलत बसते. आणि मधे फक्त हातभर गडग्याची भिंत, तिच्या अलीकडे माझा जवळा, त्याच्यावर एक माशी न्हाय! किडा न्हाय, अळी न्हाय. व्यापारी येतो तो आधी माझा माल उचलतो, मग दुसऱ्यांचा. बायका विचारून विचारून दमल्या, वेणूबाई, कसला मंत्र केलास? मी म्हणते, देवाची कृपा आणि माझे कष्ट. ज्याचं त्याच्यापाशी. तुलाही सांगणार न्हाय, सांगितलं तर तू तुझ्या फायनलच्या पुस्तकातून काहीतरी काढशील.

तेव्हा माझ्या कुटीला नावं ठेवायच्या आधी स्वतःचं खुराडं धू. साठ पाखरं एका छपराखाली कोंबलीस तर साथ येणार न्हायतर काय पालखी येणार? आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून!

कोकिळा बरी हाय, पण चेहऱ्यावर तेज न्हाय. सकाळी दोन अंडी उकडून हातात देते. माझ्यासमोर घास उतरत न्हाय म्हणते, मग मागीलदारी घेऊन जाते. मीही म्हटलं, जा बाई, मोकळ्या हवेत खा. परत येऊन टरफलं दाखवते, म्हणजे मला समाधान. पाचवा सरत आला. माझा जीव मुठीत हाय रे दादा. रोज सकाळी ती उठून चालायला लागली की मी आधी तिच्या पावलांकडे बघते, मग तोंडाकडे.

तुझ्या तीन कोंबड्यांचं वाईट वाटलं, असं लिहायला हवं. लिहिलं.

वेणू


तळा
२४ डिसेंबर १९६३

चि. वेणूस आशीर्वाद.

तीन नव्हे. आता एकोणीस.

टोचणी झाली, खुराड्याला चुना मारला, तूस बदलले, पाणी उकळून थंड करून पाजले. बाळंतिणीचे एवढे कोणी करत नाही! तरी सकाळी उठून जावे तर एखादी थरथरत असते. आधी मान हलते, मग पाय कापतात, मग भेलकांडत भिंतीवर आदळते आणि आडवी होते. साहेबाला पुन्हा बोलावले. तो म्हणतो टोचणी उशिरा झाली. म्हणजे त्याचे काम संपले. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस! सहा मैलांवरून सायकलवर येतो, खुराड्याच्या दारातून डोकावतो आणि वहीत लिहितो.

मी काही हातावर हात ठेवून बसलो नाही. जी लटपटायला लागली ती लगेच कापली आणि शनिवारच्या बाजारात नेली. मेलेली एकही विकलेली नाही, हे लक्षात ठेव. जिवंतपणी कापली. सगळेच असे करतात. कोंबडीवाल्याने साथीत दुसरे काय करावे, गळ्यात बांधून फिरावे?

तुझ्यासाठी अंडी पाठवली आहेत. उरलेल्या पाखरांना बळ यावे म्हणून कुटी जास्त घाल असे साहेब म्हणतो, तेव्हा आणखी दोन पोती दे. आणि या वेळी जरा जपून कर. तुझ्या मंत्राचे कौतुक पुरे झाले.

अंबाजी


मुरुड
३ जानेवारी १९६४

अंबाजीदादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मरायला टेकलेली कोंबडी कापून बाजारात विकलीस? आणि वर सांगतोस, मेलेली विकली न्हाय! अरे, तुझ्यात आणि मेलेली विकणाऱ्यात अर्ध्या दिवसाचं अंतर. घेणाऱ्याला सांगितलंस का, बाबा रे, ही काल भिंतीवर आदळत होती? ठमावहिनीने त्यातली एक तरी चुलीवर चढवली का? खरं लिही. न्हाय चढवली ना? मग ती लोकांच्या पोटात कशी चालते? एरवी तर टाळ घेऊन देवळात पुढे बसतोस.

आणि मला हेही सांग, कोकिळेची अंडी कोणत्या कोंबड्यांची? थरथरणाऱ्यांची की धडधाकट? हे मी साधं विचारत न्हाय. परवा पाणी आणताना तिला भोवळ आली. मडकं फुटलं, ती वाचली. बसली तर पाय थरथरत होते. मी तिथंच चिखलात बसकण मारली. ती उलट मलाच म्हणते, आई, उठा, लोक बघतात. सहावा चालू हाय. आजवर एवढी मजल कधी गेली न्हाय. चंदरला मी कळवलं न्हाय, तूही कळवू नकोस.

नर्सबाईंना सांगितलं. त्या म्हणतात, रक्त कमी तसंच हाय. अंडी चालू हायत ना? म्हटलं, रोज दोन. मग त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

कुटी पाठवते. तुझ्यावर राग हाय, मुक्या पाखरांवर न्हाय. या वेळी दुप्पट जपून केलीय, तुझ्या तोंडाला उत्तर म्हणून. एक माशी काढून दाखव त्यातून, वेणू नाव लावणार न्हाय.

वेणू


तळा
१२ जानेवारी १९६४

वेणू,

हे पत्र पोहोचताच वाच, मग भांड.

आमची मांजर मेली. तुझे नवे पोते अनंताने ओटीवर ठेवले. ठमाने पोत्याचे तोंड सोडले तेवढ्यात मांजरीने त्यात तोंड घातले. मासळीच ती, हाकलली तरी परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी थरथरत होती. आधी मान, मग पाय, हुबेहूब कोंबड्यांसारखी. दुपारपर्यंत गेली.

मी म्हटले, हिलाही मानमोडी झाली. ठमा कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, शहाणे आहात का? मांजराला मानमोडी होत नाही!"

वेणू, ही बाई शाळेत गेलेली नाही. मग तिनेच मला अंगणात नेले आणि आमच्या गावठी कोंबड्या दाखवल्या. अकरा आहेत. त्याच अंगणात, त्याच वाऱ्यात. एकीलाही काही झालेले नाही. त्यांना आम्ही कुटी घालत नाही.

कुटीत काय आहे? तुझ्या मालावर माशी का बसत नाही? तुला तुझ्या कोकिळेची शपथ, खरे लिही. आणि उत्तर लिहिण्याआधी तिची अंडी बंद कर.

अंबाजी


मुरुड
१६ जानेवारी १९६४

दादा,

कोकिळेची शपथ घालायला नको होतीस. घातलीस, आता ऐक.

दिवाळीला चंदर आला तेव्हा खाटेत ढेकूण झाले म्हणून पावडरीचा मोठा डबा घेऊन आला. मुंबईला सगळे वापरतात म्हणाला. पांढरी भुकटी, नाकात गेली तर शिंका. खाटेवर मारली, ढेकूण गेले. थोडी अंगणात सांडली होती. दुसऱ्या दिवशी बघते तर तिथं माश्यांचा सडा. ज्या बसल्या त्या मेल्या. मी तिथंच उभी राहिले आणि स्वतःवर खूश झाले. म्हटलं, वेणू, साऱ्या कोळीवाड्याला जे सुचलं न्हाय ते तुला सुचलं.

त्या दिवसापासून मासळी पसरली की फडक्यात पावडर बांधून वरून झटकायची. जवळ्यावर, डोक्या-शेपट्यांवर, सगळ्यावर. लहान मूल न्हालं की पावडर लावतात ना, तेवढ्याच मायेने. आणि तुझ्या शेवटच्या दोन पोत्यांना तू जपून कर म्हणालास म्हणून दोनदा झटकली.

विष हाय असं मनात आलं न्हाय का, विचारशील. मी स्वतःलाच विचारते हाय, दोन दिवस झाले. ढेकूण मरतो, माशी मरते, पण माणूस केवढा, माशी केवढी! कोंबडी तर दगडही पचवते. असं मी मनाला सांगितलं.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी, न्हायतर हे पत्र खोटं होईल. आमच्या घरच्या खाण्याची मासळी मी छपरावर वेगळी वाळवते. तिच्यावर पावडर टाकत न्हाय. का, तर वास येतो, असं कोकिळेला सांगितलं. म्हणजे मला कळत होतं, दादा. पुरतं कळत नव्हतं, पण माझी मासळी वेगळी ठेवण्याएवढं कळत होतं.

आणि बघ कसं झालं. छपरावरची मासळी राखली सुनेसाठी, आणि खळ्यावरची तुझ्या कोंबड्यांना घातली. कोंबड्यांनी त्याचं अंडं केलं, आणि ते मी माझ्या हाताने उकडून रोज दोन तिलाच दिलं. नोव्हेंबरापासून. मोजवत न्हाय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आता तिच्याकडे बघवत न्हाय. काल पोटात पोर हललं म्हणून तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. मी हात काढून घेतला आणि चुलीवर दूध हाय म्हणून उठले. चुलीवर काही नव्हतं.

आता तू सांग. तू लिहिलंस, आमच्या घरी कोणाला अंड्याचा वास आला न्हाय. माझ्यासारखी मासळी खाणारी बाई ज्या वासाने मागे सरते तो तुमच्या घरात कोणालाच आला न्हाय? तुम्ही ती अंडी खाल्लीत का?

वेणू


तळा
२२ जानेवारी १९६४

वेणू,

नाही खाल्ली.

एकही नाही. आमच्या घरी गावठी कोंबडीचे अंडे असते. पांढरी अंडी विकायची. पहिल्या आठवड्यात एक फोडले होते, वास आला म्हणून ठमाने टाकून दिले. तरी मी तुला तसे लिहिले. मनाला सांगितले, खाल्लीच नाहीत तर खाताना वास आला कोणाला? फायनल पास माणसाचे खोटे असे असते.

तुझ्यासाठी टोपली भरताना ठमा म्हणाली होती, पोटुशी पोर आहे, तिला गावठी द्या. मी म्हटले, गावठी अकराच, घरालाच पुरत नाहीत, आणि पांढरी सरकारी आहेत, त्यांना काय झालेय? तुला बहीण म्हणायचे आणि तुझ्या टोपलीत विकायचा माल भरायचा. तुझ्या पत्राचा राग येण्याचा मला अधिकार राहिलेला नाही, तरी येतो. एवढी चलाख बाई, नाक आहे, डोळे आहेत, आणि ढेकणाची पावडर मासळीवर! ठमा म्हणते, आता गप्प बसा, दोघे एका माळेचे मणी आहात.

साहेबाला कळवले. तो आधी म्हणाला, वहीत मानमोडी लिहून झाले आहे, आता कसे बदलू? ठमाने त्याच्यापुढे कुटीचे पोते आणून ठेवले आणि म्हणाली, बदलू नका, चिमूटभर खाऊन दाखवा. मग बदलले.

उरलेल्या एकवीस कोंबड्या होत्या. सगळ्या मारून खोल पुरल्या, कुटीसकट, वर चुना आणि दगड घातले. बाजारात ज्या नेल्या होत्या त्यांचे आता काय करू? शनिवारी मी कोंबड्यांचे डालगे घेऊन बसतो तिथे रोजचीच माणसे येतात. कोणी कोणती नेली, मला एकेकाचे तोंड आठवते. जेवताना आठवते. ठमाला सांगितलेले नाही.

अनंताकडे गावठीची तीस अंडी दिली आहेत. आम्ही महिनाभर खाणार नाही, सूनबाईने खावीत. तिला डॉक्टरकडे ने. सगळे खरे सांग, लपवू नकोस. लाज वाटली तर माझे नाव घाल पुढे.

अंबाजी


मुरुड
३१ जानेवारी १९६४

दादा,

कोकिळा ठीक हाय. पोर पोटात ठीक हाय. हे आधी वाच आणि वहिनीला वाचून दाखव. आता पुढचं.

व्यापाऱ्याकडे गेले होते. म्हटलं, माझा माल परत कर, त्यात पावडर हाय. तो इकडे-तिकडे बघून हळूच मला विचारतो, वेणूबाई, कोणत्या नावाची पावडर? माल तर झकास टिकला! मी त्याच्या तोंडावर फडकं फेकून आले. त्याच्याकडे राहिली होती ती चार पोती मी उचलून आणली, पुरली. बाकी पुढे गेली, कुठं गेली तो सांगत न्हाय. जाऊ तिथं हेच, दादा. जो तो म्हणतो, आपल्या घरात न्हाय ना?

मंगळवारी कोकिळेला दवाखान्यात नेली. डॉक्टरांना सगळं सांगितलं, पावडर, कुटी, कोंबड्या, अंडी. बोलताना मला रडू फुटलं. डॉक्टर कागदावर लिहीत होते, नोव्हेंबरपासून रोज दोन. तेवढ्यात कोकिळा मान खाली घालून म्हणाली, "मी एकही खाल्लं न्हाय."

मला वाटलं, भीतीने बरळते. पण तिला पहिल्या दिवसापासून वासानेच ओकारी येत होती. मला सांगायला घाबरली. मी तिच्यासाठी एवढा आटापिटा करून तळ्याहून अंडी मागवते, आणि ती न्हाय म्हणणार? म्हणून मागीलदारी जायची आणि टरफलं घेऊन यायची.

दादा, मी दवाखान्यातच हात जोडले. हसले. सगळ्यांसमोर त्या पोरीचे मुके घेतले. डॉक्टर म्हणाले, म्हणून रक्त वाढत नव्हतं, आता तरी खायला घाला. मी म्हटलं, घालते, घालते, गावठी घालते. आयुष्यात एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मग डॉक्टरांनी विचारलं, "मग ती अंडी गेली कुठं?"

सोनूबाईची नात केसर, सहा वर्षांची. आई न्हाय तिला. पावसाळ्यात गोवर होऊन गेला तेव्हापासून पाप्याचं पितर झालीय. ती रोज सकाळी गडग्याच्या पलीकडे येऊन बसायची. कोकिळा सोलून द्यायची आणि ती भराभर खायची. कोकिळेला वाटायचं, तेवढंच पोरीच्या अंगी लागेल. सोनूबाई मला दोनदा म्हणाली होती, वेणू, तुझी सून देवमाणूस हाय. मला वाटलं, गोड बोलते म्हणून म्हणते.

आणि दादा, महिनाभर सोनूबाई सांगत होती, केसरच्या हातून पेला सुटतो, बोटं थरथरतात, कोणाची तरी नजर लागली. दृष्ट कोणी काढली ठाऊक हाय? मीच. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि म्हटलं, बघ कशा तडतडल्या, मोठी नजर होती.

अंड्यांनी असेल, न्हायतर गोवराच्या अशक्तपणाने असेल. डॉक्टर म्हणाले, पोरीला बघितल्याशिवाय सांगता येत न्हाय, घेऊन या. घेऊन या म्हणजे मी सोनूबाईला सांगायचं. दवाखान्यातून घरी येईपर्यंत माझ्या मनात काय काय आलं ते तुला सांगते, कारण तूही माझ्याच माळेतला. आलं, की गप्प राहावं. अंडी तर बंद झालीच हायत. पोरगी हळूहळू बरी होईल. कोकिळा कोणाला बोलणार न्हाय. माझं खळं, माझं नाव, माझा व्यापारी, सगळं जागच्या जागी राहील. आमच्या घरचं तर वाचलंच हाय. मघा दवाखान्यात हात जोडले होते ना, ते याच्याचसाठी. त्या आनंदाची मला अशी शिसारी आली की मी घरात न जाता सरळ तिच्या दारात गेले.

सगळं सांगितलं. मला वाटलं, शिव्या देईल, झिंज्या धरील. मी तयार होते. ती सुपात जवळा पाखडत होती, हात थांबला न्हाय. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "तुझ्या घरची मासळी वेगळी वाळवत होतीस का?"

म्हटलं, "व्हय."

तिने सूप खाली ठेवलं, केसरला उचलून आत नेलं आणि दार लावून घेतलं. मी दारातच उभी होते. मग आतूनच म्हणाली, "उद्या सकाळी पहिल्या गाडीला ये. दवाखान्यात तू बोलायचंस. मला ते पावडरीचं नाव सांगता येणार न्हाय."

परवा जाऊन आलो. औषध दिलंय, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलंय. साऱ्या कोळीवाड्याला आता ठाऊक झालंय. माझ्या खळ्याकडे कोणी बघत न्हाय.

तुला बाजारातली तोंडं आठवतात म्हणालास. मग जेवताना आठवत बसू नकोस. वहिनीला सांग, आणि येत्या शनिवारी जा. डालगं न घेता जा. एकेकाला गाठ आणि तोंडावर सांग, बाबा, त्या कोंबडीच्या पोटात विष होतं, अंड्यांतही असेल, घरात कोणाला काही होतंय का. मारतील, शिव्या देतील, पुन्हा तुझ्याकडून काही घेणार न्हायत. जा तरी. मी एका दारात जाऊन आले, मेले न्हाय.

वेणू